थर्मल कॅमेऱ्याने आईच्या हाडांची तपासणी: पाच महिन्यांचा अनुभव

पाठीच्या चित्रात लाल कमी झालेलं, हिरवं वाढलेलं, आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलेलं: ‘हाडांच्या स्थितीत ३८ टक्के सुधारणा’. तो कागद हातात धरून आई मला म्हणाली, “अगं, मग आता ती सोमवारची गोळी बंद करूया ना?” त्या प्रश्नामुळेच हे लिहायला बसले आहे.

आई ७२ वर्षांची. सप्टेंबर २०२३ मध्ये ओट्यापाशी सांडलेल्या पाण्यावरून घसरली आणि डाव्या हातावर आली. मनगट मोडलं. एवढ्याशा पडण्याने हाड मोडलं म्हणून हाडांच्या डॉक्टरांनी लगेच डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी एक्स-रे तपासणी, करायला लावली. कमरेच्या मणक्यांचा टी-स्कोर (तरुण निरोगी हाडांच्या तुलनेत घनता किती कमी, तो आकडा) आला उणे ३.१. उणे २.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार, ही जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये आखून दिलेली रेघ; आई तिच्या बरीच खाली होती. ऑक्टोबरपासून आठवड्यातून एकदा अ‍ॅलेन्ड्रोनेट ७० मिलिग्रॅम ही हाडांची झीज रोखणारी गोळी सुरू झाली. उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची, आणि नंतर निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहासुद्धा घ्यायचा नाही. पहाटे पाचला उठून पहिला चहा घेणाऱ्या बाईला हे किती जड जातं ते घरातल्यांनाच कळतं. शिवाय गोळीच्या दिवशी छातीत जळजळ व्हायची.

भजनी मंडळातल्या एका काकूंनी नाशिकमधलंच एक थर्मल इमेजिंग केंद्र, म्हणजे कॅमेऱ्याने त्वचेच्या उष्णतेचं चित्र काढणारं केंद्र, सुचवलं. एक्स-रे नाही, सुई नाही, आणि औषध लागू पडतंय की नाही हे दर दोन महिन्यांनी रंगीत चित्रात दिसतं, असं त्यांच्या पत्रकावर होतं. केंद्राचं नाव मुद्दाम देत नाही. चार भेटींचं पॅकेज १०,००० रुपयांचं.

चांगलं ते आधी सांगते. तपासणी करणारी मुलगी फार नीट वागली. जाडसर पडदा, स्वच्छ गाऊन, “आजी, थंडी वाजतेय का?” अशी विचारपूस. पाठीला तेल-मलम लावू नका, दोन तास आधी चहा नको, हे फोनवर आधीच कळवलं होतं. डिसेंबरमधल्या पहिल्या भेटीत पंधरा मिनिटं पाठ उघडी ठेवून बसवलं, म्हणजे त्वचा खोलीच्या तापमानाला स्थिरावते. ही पद्धत योग्य आहे. मग बारा चित्रं काढली. कुठे हात लावला नाही, काही दुखलं नाही. एप्रिलच्या भेटीत मात्र एसी बंद होता, पंखा फिरत होता, आणि आम्ही उन्हातून रिक्षाने पोचल्यावर पाचच मिनिटांत कॅमेरा सुरू झाला.

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. बारावीला उष्णतेचं प्रारण दरवर्षी शिकवायचं असतं, त्यामुळे घरी आल्यावर दोन्ही अहवाल टेबलावर शेजारी शेजारी ठेवून बघितले. चित्राच्या कडेला रंगांची एक उभी पट्टी असते, तिच्याकडे सहसा कुणी बघत नाही. डिसेंबरच्या चित्रात ती पट्टी २४ ते ३४ अंशांची होती. एप्रिलच्या चित्रात २८ ते ३८ अंशांची. म्हणजे ३३ अंशांची त्वचा पहिल्या चित्रात लाल दिसणार आणि दुसऱ्यात हिरवी. कमरेवरच्या ज्या ठिपक्याचं तापमान आकड्यात छापलं होतं, ते डिसेंबरमध्ये ३२.९ होतं आणि एप्रिलमध्ये ३३.४. आईची पाठ अर्ध्या अंशाने गरमच झाली होती. बदलली होती ती पट्टी, आणि तिलाच सुधारणा म्हटलं होतं.

तोवर आईने तीन सोमवार गोळी चुकवली होती. मला न सांगता. डबीतल्या गोळ्या मोजल्या तेव्हा कळलं. ते तीन आठवडे मला अजून टोचतात.

पुन्हा गेले ती तपासणी करून घ्यायला नव्हे, विचारायला गेले. आई बरोबर होती. मी त्या मुलीला म्हटलं, एक मिनिट आईच्या पाठीवर तळहात ठेवते, मग चित्र काढ. तिने आनंदाने काढलं. पडद्यावर पाच बोटं आणि तळवा, नारिंगी रंगात, स्वच्छ उमटले. हात काढून घेतल्यावरही थोडा वेळ तसेच राहिले आणि मग हळूहळू विरले. आईने मान वळवून बघितलं आणि म्हणाली, “हात तुझा दिसतोय. मग माझं हाड कुठंय?”

तिने विचारलं ते अगदी नेमकं होतं. आपल्या त्वचेतून जी अवरक्त किरणं बाहेर पडतात त्यांची तरंगलांबी साधारण ९ ते १० मायक्रोमीटरच्या आसपास सर्वांत तीव्र असते. कॅमेरा तीच टिपतो, आणि ती त्वचेच्या अगदी वरच्या थरातून येतात. मणका चरबी आणि स्नायूंच्या खाली काही सेंटिमीटर खोल असतो. वरच्या त्वचेचं तापमान रक्तप्रवाह, स्नायूंची सूज, ऊन, पंखा, रात्री घेतलेली गरम पाण्याची पिशवी, अशा कशानेही बदलतं. आणि हाड ठिसूळ होताना ना ताप येतो ना ठणका लागतो. म्हणून तर हा आजार मनगट मोडेपर्यंत कळत नाही. हाडात कॅल्शियम किती उरलंय हे त्वचेच्या उष्णतेवरून मोजता येत नाही. या दिशेने संशोधन करणारे लोक आहेत, त्यांनी जरूर करावं. पण आज त्यावर औषध चालू-बंद करण्यासारखं काही नाही.

त्याच केंद्राच्या पत्रकात स्तनांच्या तपासणीचंही पॅकेज होतं. त्याबद्दल एवढंच: मॅमोग्राफीच्या (स्तनांच्या एक्स-रेच्या) जागी थर्मोग्राफी, म्हणजे हीच उष्णतेची चित्रं, करू नका, असं अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१९ मध्ये जाहीरपणे बजावलं आहे. ज्या बायका मॅमोग्राफीला घाबरून तिथे जातात त्यांची मला जास्त काळजी वाटते.

मग औषध लागू पडतंय हे बघायचं कसं? डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, रक्तातली सीटीएक्स. हाड किती वेगाने झिजतंय त्याची ही खूण, आणि गोळीने ती काही महिन्यांतच खाली येते. मात्र सकाळी उपाशीपोटीच रक्त द्यायचं, कारण खाण्याने आकडा बदलतो. आमच्याकडे उपचाराआधीची सीटीएक्स नव्हती, ही आमची चूक. नव्याने सुरू करणाऱ्यांनी आधी एकदा करून ठेवा. दुसरी, वर्षाने पुन्हा डेक्सा, आणि तीही त्याच केंद्रात, त्याच यंत्रावर. यंत्र बदललं की आकड्यांची तुलना बिघडते.

नोव्हेंबर २०२४ मध्ये ती केली. २,४०० रुपये. प्रारण इतकं थोडं की छातीच्या एक्स-रेपेक्षाही कमी. आई गादीवर पडली, पायांखाली एक चौकोनी ठोकळा दिला, दहा मिनिटांत आटोपलं. कमरेच्या मणक्यांची घनता ०.७०२ वरून ०.७३६ ग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर झाली, म्हणजे पावणेपाच टक्क्यांच्या आसपास वाढ. खुब्याची ०.५६० वरून ०.५७०. त्या तंत्रज्ञ बाईंनी आपणहून सांगितलं की त्यांच्या यंत्रावर तीन टक्क्यांच्या आतला फरक खरा धरायचा नाही. म्हणजे मणक्यांत सुधारणा आहे, खुब्यात ‘घसरण नाही’ एवढंच म्हणता येतं. मला हे उत्तर फार आवडलं. उतारवयात मणक्यांना हाडाचे काटे फुटले की डेक्साचा आकडाही फसवा जास्त येतो, हेही त्यांनीच सांगितलं आणि आईचे मणके चित्रात एकेक दाखवले.

मोफत शिबिरात टाच ठेवून होणारी अल्ट्रासाउंड तपासणीही उपचाराचा परिणाम मोजायला चालत नाही. धोका आहे का याचा अंदाज घ्यायला ठीक. आमच्या सोसायटीतल्या दोन आजी त्या चिठ्ठ्या वर्षावर्षाने जुळवून बघतात, म्हणून सांगितलं.

घरच्या घरी एक करता येतं, उंची मोजायची. मणका दबला की माणूस बुटकं होतं, आणि अनेकदा पाठ फारशी दुखतही नाही. स्वयंपाकघराच्या चौकटीवर आईची रेघ आहे, १४८ सेंटिमीटर. दर सहा महिन्यांनी तिला अनवाणी उभं करते. दोन सेंटिमीटर कमी भरली तर डॉक्टरांनी मणक्यांचा एक्स-रे काढायला सांगितलाय.

जळजळ डॉक्टरांना आधीच सांगायला हवी होती. ती कळल्यावर त्यांनी गोळी बंद केली. रक्तातलं कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाची खूण) बघून त्याच कामाचं, पण वर्षातून एकदाचं झोलेड्रोनिक अ‍ॅसिड सलाइनमधून दिलं. त्या रात्री आईला ताप आला, अंग दुखलं, पॅरासिटामॉलने दुसऱ्या दिवशी उतरलं. तसं होऊ शकतं हे आधीच सांगितलं होतं, त्यामुळे कुणी घाबरलं नाही.

केंद्राला मी पाचपैकी एक तारा देते, आणि तो त्या मुलीच्या वागण्यासाठी. उरलेल्या दोन भेटींचे ५,००० व्हायचे, त्यातले ४,००० रुपये त्यांनी तीन फोनांनंतर परत केले. अहवालातली टक्क्यांची ती ओळ काढून टाका, निदान रंगांची पट्टी सगळ्या भेटींत एकच ठेवा, असं पत्र मी सहीनिशी दिलं आहे. पोच मिळाली, उत्तर अजून आलेलं नाही.