लिव्हरपूलच्या निवडणुकांचे चाळीस वर्षांचे दप्तर : प्लिमथच्या इलेक्शन्स सेंटरच्या विनामूल्य पुस्तिका

इंग्लंडमधल्या एखाद्या स्थानिक कौन्सिलचे जुने निकाल वॉर्डनिहाय पाहायचे असतील, तर प्लिमथ विद्यापीठाच्या इलेक्शन्स सेंटरने तयार केलेल्या पीडीएफ पुस्तिकांइतके उपयोगी साधन क्वचितच सापडेल. कॉलिन रॉलिंग्ज आणि मायकेल थ्रॅशर या दोन अभ्यासकांनी कौन्सिलगणिक स्वतंत्र पुस्तिका काढल्या असून त्या इंटरनेटवरून विनामूल्य उतरवून घेता येतात. हे परीक्षण लिव्हरपूलच्या १९७३ ते २०१२ या काळाच्या पुस्तिकेवर आधारलेले आहे. हे शहर निवडण्याचे कारण असे की, महानगरीय जिल्ह्याच्या, म्हणजे मोठ्या शहरी भागातल्या कौन्सिलच्या, निवडणुकीत जे जे घडू शकते, ते जवळजवळ सगळे येथे घडलेले आहे, त्यामुळे संग्रहाची ताकद आणि मर्यादा दोन्ही येथे ठळकपणे दिसतात.

आरंभाचे वर्ष १९७३ का, हे समजून घेणे आवश्यक आहे. १९७२ च्या लोकल गव्हर्नमेंट ॲक्टने इंग्लंडची स्थानिक रचना नव्याने आखली. नवी कौन्सिले १ एप्रिल १९७४ रोजी कारभार पाहू लागली आणि त्यांच्या पहिल्या निवडणुका आदल्या वर्षी झाल्या. त्याआधी कौन्सिलात अल्डरमन असत. त्यांना मतदार नव्हे, तर नगरसेवकच निवडत, त्यामुळे मतदारांचा कौल आणि सभागृहातले संख्याबळ यांचा मेळ बसेलच असे नव्हते. ही पद्धत नव्या कायद्याने मोडीत निघाली, म्हणून १९७३ पासूनची मालिका सलग वाचता येते. या आरंभरेषेची किंमत मात्र लिव्हरपूलच्या अभ्यासकाला मोजावी लागते. मजूर पक्षाने या शहरात पहिल्यांदा बहुमत मिळवले ते १९५५ साली, तोवर हुजूर पक्षाचा वरचष्मा असे. आयरिश राष्ट्रवादी आणि त्यांच्या विरोधातला प्रोटेस्टंट पक्ष यांनी धर्माच्या रेषेवर लढवलेल्या निवडणुका हा या शहराचा खास इतिहास आहे. यातले काहीही या पुस्तिकेत नाही, आणि ज्याला ते हवे असेल त्याला जुनी वर्तमानपत्रे चाळण्यावाचून गत्यंतर नाही.

वर्तमानपत्रांचा उल्लेख येथे अप्रस्तुत नाही. पुस्तिकेच्या आरंभी दिलेल्या टिपणावरून कळते की, पुनर्रचनेनंतरच्या पहिल्या काही वर्षांचे निकाल ॲलन विलिस यांनी मुख्यतः स्थानिक वृत्तपत्रांतून वेचून काढले आणि १९८० च्या दशकाच्या मध्यापासून ते थेट कौन्सिलांकडून मिळवले गेले. काही माहिती हाती लागली नाही आणि काही चुका राहिल्या असतील, हे संपादकांनी स्वतःच नोंदवले आहे. असा स्पष्टपणा मला फार मोलाचा वाटतो, कारण त्यामुळे कोणत्या वर्षांचे आकडे दुसरीकडे ताडून पाहावेत हे वाचकाला आधीच कळते.

मुखपृष्ठावरचा आलेख पक्षांच्या मतांची टक्केवारी दाखवतो. तीन मोठे पक्ष त्यांच्या परंपरागत रंगांत, अपक्ष राखाडी रेषेत आणि उरलेले सारे एका जांभळ्या रेषेत अशी त्याची मांडणी आहे. ओझरती कल्पना येण्यास तो पुरेसा असला, तरी लिव्हरपूलच्या बाबतीत तेवढ्यावर थांबणे धोक्याचे आहे. १९७३ मध्ये ९९ जागांच्या कौन्सिलात लिबरल पक्ष सर्वांत मोठा ठरला, पण बहुमतापर्यंत पोहोचला नाही. पुढे लिबरल आणि सोशल डेमोक्रॅट यांची आघाडी झाली, १९८८ मध्ये दोघांचे विलीनीकरण होऊन लिबरल डेमोक्रॅट पक्ष जन्मला, आणि विलीनीकरण न मानणाऱ्यांनी १९८९ मध्ये जुन्या नावाचा लिबरल पक्ष पुन्हा उभा केला. देशात इतरत्र हा पक्ष नावापुरता उरला असला, तरी लिव्हरपूलच्या टूब्रूक भागात त्याने आपली जागा अनेक वर्षे राखली. तेथे लिबरल आणि लिबरल डेमोक्रॅट हे एकमेकांचे प्रतिस्पर्धी आहेत, हे मुखपृष्ठावरून उमगत नाही. त्यासाठी त्या वॉर्डाच्या कोष्टकापर्यंत जावेच लागते.

या संग्रहाचे खरे धन ही वॉर्डांची कोष्टकेच आहेत. उमेदवाराचे नाव, पक्ष, मते, मतांचा वाटा आणि मतदानाची टक्केवारी अशी साधी, कोणतीही सजावट नसलेली ही पाने आहेत. ती वाचताना दोन पथ्ये पाळावी लागतात. महानगरीय जिल्ह्यात प्रत्येक वॉर्डाचे तीन नगरसेवक असतात आणि सहसा एका वर्षी त्यांपैकी एकच जागा निवडणुकीला येते. परंतु १९७३ मध्ये आणि वॉर्डांची फेररचना झाल्यावर १९८० व २००४ मध्ये सगळ्या जागा एकदम भरल्या गेल्या. त्या वर्षी मतदाराला तीनपर्यंत मते देता येत होती, त्यामुळे मतांची नुसती बेरीज इतर वर्षांशी ताडली तर निष्कर्ष हमखास चुकतो. दुसरे पथ्य वॉर्डांच्या नावांचे आहे. १९७३ मध्ये जुने वॉर्ड जोडून ‘ग्रॅनबी, प्रिन्सेस पार्क’ अशी जोडनावे दिलेली होती, १९८० मध्ये सीमा बदलल्या, आणि २००४ मध्ये ३३ वॉर्डांचे ३० व ९९ जागांच्या ९० झाल्या. नाव तेच दिसले म्हणून मतदारही तेच होते, असे समजू नये.

मतदानाच्या टक्केवारीबद्दलही थोडे सांगायला हवे, कारण येथे घाईने अर्थ काढण्याचा मोह फार होतो. या चाळीस वर्षांत लिव्हरपूलच्या वॉर्डांची नियमित निवडणूक आणि देशाची सार्वत्रिक निवडणूक एकाच दिवशी आल्या त्या ३ मे १९७९ आणि ६ मे २०१० रोजी. २००४ मध्ये युरोपीय संसदेच्या निवडणुकीसोबत वायव्य इंग्लंडमध्ये सर्वांना टपालाने मतदान करायला लावण्याचा प्रयोग झाला. त्या वर्षांची टक्केवारी चढलेली दिसते ती या कारणांनी; वॉर्डातल्या स्थानिक प्रश्नांवर लोक पेटून उठले होते, असा तिचा अर्थ नव्हे. पुस्तिका हे खुलासे देत नाही, आणि चाळीस वर्षांच्या आकड्यांसोबत अशा वर्षांची एखादी छोटी टीप जोडणे कठीण नव्हते, असे मला वाटते.

सभागृहातले संख्याबळ दाखवणारा मागील पृष्ठावरचा आलेख पोटनिवडणुकांतले बदल जमेस धरतो, मात्र निवडून आल्यावर पक्ष सोडणाऱ्यांना मोजत नाही. लिव्हरपूलच्या इतिहासात ही उणीव जड जाते. १९८३ मध्ये मजूर पक्षाने बहुमत मिळवले आणि पक्षातल्या मिलिटंट या कडव्या डाव्या गटाच्या प्रभावाखाली सरकारशी संघर्ष आरंभला. १९८५ चा कर ठरवण्यात केलेल्या विलंबापायी ४७ नगरसेवकांवर १,०६,१०३ पौंडांची वसुली बसली, आणि १९८७ मध्ये तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचे काम करणाऱ्या हाउस ऑफ लॉर्ड्सने अपील फेटाळल्यावर त्यांची पदे गेली. त्याच वर्षी मे महिन्यात मजूर पक्ष नवे उमेदवार उभे करून पुन्हा बहुमतात आला. आकड्यांत हे सातत्य दिसते, परंतु सभागृहातली माणसे बदललेली होती, आणि हे केवळ कोष्टकांतली नावे शेजारी शेजारी ठेवून वाचणाऱ्यालाच कळते. १९९० च्या सुमारास मजूर पक्षात जी फूट पडली, तिचा माग तर या आलेखात लागणेच शक्य नाही. याउलट १९९८ मध्ये लिबरल डेमोक्रॅट पक्षाकडे गेलेली आणि २०१० मध्ये मजूर पक्षाकडे परतलेली सत्ता अगदी स्वच्छ दिसते.

मालिका २०१२ ला थांबते, ही माझी सर्वांत मोठी खंत आहे. त्याच वर्षी लिव्हरपूलने थेट निवडलेल्या महापौराची पद्धत स्वीकारली. २०२१ मध्ये सरकारने नेमलेले तपासणीस मॅक्स कॉलर यांच्या अहवालानंतर सरकारने कौन्सिलवर आयुक्त नेमले, २०२३ मध्ये महापौरपद रद्द झाले, आणि त्याच वर्षी ६४ वॉर्ड व ८५ जागांची नवी रचना येऊन सर्व जागा चार वर्षांतून एकदाच भरण्याचे ठरले. २०१२ नंतरच्या वर्षांसाठी संपादकांच्या वार्षिक लोकल इलेक्शन्स हँडबुकचे खंड विकत घेता येतात; केवळ लिव्हरपूलपुरते पाहायचे असेल, तर कौन्सिलच्या संकेतस्थळावरचे निकाल पुरतात. तीस वॉर्डांची २००४ ची चौकट २०२२ पर्यंत चालली, म्हणून तिथवरचे आकडे पुस्तिकेच्या कोष्टकांना थेट जोडून वाचता येतात. २०२३ पासून मात्र कोष्टक नव्याने मांडावे लागेल.