यूएसबी ३.० कार्ड रीडर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

कॅमेऱ्याच्या केबलने फोटो उतरतात, मग मेमरी कार्ड संगणकाला जोडणारा वेगळा रीडर कशाला? वेळ आणि बॅटरी वाचते म्हणून. बऱ्याच जुन्या कॅमेऱ्यांचं पोर्ट यूएसबी २.० असतं, त्यातून सेकंदाला ३०-३५ एमबीच मिळतात. ३२ जीबी उतरायला पाव तास जातो. रीडरने तेच काम सहा-सात मिनिटांत होतं. शिवाय केबल लावल्यावर कॅमेरा सुरूच ठेवावा लागतो. मध्येच बॅटरी संपली की कॉपी अर्धवट.

मात्र रीडर, पोर्ट आणि कार्ड यांत जे सगळ्यात मंद, तोच खरा वेग. यूएचएस हा एसडी कार्डाच्या वेगाचा प्रकार. यूएचएस-१ कार्डाची कमाल मर्यादा सेकंदाला १०४ एमबी; प्रत्यक्षात ८०-९० मिळाले तरी उत्तम समजा. यूएचएस-२ कार्डाच्या मागे पिनांची दुसरी ओळ असते. रीडरमध्ये त्या पिना नसतील तर महागडं कार्डही यूएचएस-१च्याच वेगाने चालतं. या रीडरमध्ये त्या नाहीत, म्हणून त्यासाठी महाग कार्ड घेऊ नका.

आता खोट. पाचव्या महिन्यापासून स्लॉट थोडा सैल झालाय. कार्ड जरा तिरकं बसलं की विंडोज विचारतं, 'डिस्क फॉरमॅट करायची का?' इथे कधीही 'हो' म्हणू नका. कार्ड काढा, पिना कोरड्या मऊ कापडाने पुसा, सरळ आत सरकवा. बहुतेक वेळा सगळे फोटो जागेवर असतात. कार्डाच्या बाजूची लॉकची पट्टी ढिली असेल तर आत सरकवताना ती खाली घसरते आणि कार्ड 'राइट प्रोटेक्टेड' दिसतं. फोटो वाचता येतात, पुसता येत नाहीत, एवढंच.

फोटो खरे हरवतात ते नावांमुळे. कॅमेरा चारच आकडे मोजतो, ९९९९ नंतर पुन्हा ०००१. सगळं एकाच फोल्डरमध्ये टाकत गेलात की एक दिवस जुन्या फोटोचंच नाव नव्याला येतं आणि 'रिप्लेस' दाबलं की जुना गेला. म्हणून दर वेळी तारखेचा नवा फोल्डर करा. डीसीआयएममधून (कार्डावरचा फोटोंचा फोल्डर) कट नको, कॉपीच करा. फाइलींची संख्या आणि एकूण आकार दोन्हीकडे जुळवून बघा, चार-पाच फोटो उघडून बघा, दुसऱ्या डिस्कवर एक प्रत ठेवा. मगच कार्ड फॉरमॅट करा, तेही कॅमेऱ्यात. आणि रीडर उपसण्याआधी 'इजेक्ट' हवंच.

प्रिंटला देताना: ६०००×४००० पिक्सेलचा फोटो ४ बाय ६ इंचाला न कापता बसतो, ५ बाय ७ला लांबीतून जवळपास ७ टक्के जातो. ग्रुप फोटोत टोकाला उभ्या असलेल्याचा खांदा तिथेच कापला जातो, त्यामुळे पाठवण्याआधी क्रॉप स्वतः करा.