बॅटमन आधी वाचायचा की बघायचा? चार गाजलेल्या कथा आणि त्यांचे अ‍ॅनिमेशनपट

बॅटमनच्या ज्या कथांची नावं सतत कानावर पडतात, त्यांतल्या बऱ्याच कथांवर आता अ‍ॅनिमेशनपट आहेत. वॉर्नर ही चित्रपट कंपनी आणि बॅटमनची कॉमिक्स काढणारी डीसी यांनी 2007 मध्ये थेट डीव्हीडीवर येणाऱ्या अशा चित्रपटांची मालिका सुरू केली आणि एकेक करून मोठ्या कथा तिच्यात आल्या. त्यामुळे या जगात नव्याने शिरणाऱ्याला प्रश्न पडतो: कॉमिक विकत घ्यावं की सव्वा तासाचा चित्रपट बघावा? दोन्ही करायचं तर आधी काय? 'मूळ ते मूळच' हे उत्तर पटकन मिळतं. खाली ज्या चार कथांबद्दल लिहिलं आहे, त्यांतल्या एकीच्या बाबतीत ते साफ चुकीचं आहे आणि दुसऱ्या एकीच्या बाबतीत अर्धवट.

निवड करताना मी एक गोष्ट तपासतो: कथा सांगण्याचं काम पानाने किती केलं आहे? कॉमिकमध्ये वेळ वाचकाच्या हातात असतो. एका चौकटीवर पाच मिनिटं थांबा, दोन पानं मागे जा, समोरासमोरची पानं एकदम नजरेखालून घाला, कोणी अडवत नाही. चित्रपटात तो ताबा दिग्दर्शकाकडे जातो आणि बदल्यात आवाज, संगीत, हालचाल मिळते. जी कथा पानाच्या रचनेतच मुरलेली आहे तिचं या देवाणघेवाणीत नुकसान होतं. जिचा जीव प्रसंगांत आणि संवादांत आहे तिचा फायदा होतो.

'द डार्क नाइट रिटर्न्स' (1986) ही नुकसान होणाऱ्यांतली, आणि तरीही तिच्यावरचा चित्रपट मी आवर्जून बघायला सांगतो. फ्रँक मिलरची कथा आणि रेखाटनं, क्लाउस जॅन्सनची शाई, लिन व्हार्लीचे रंग, एकूण चार अंक. ब्रूस वेन 55 वर्षांचा आहे, बॅटमनचा वेश उतरवून त्याला 10 वर्षं झाली आहेत, आणि शहर एका हिंसक टोळीच्या हातात गेलं आहे. मिलरने पानाचा पाया धरला तो चार गुणिले चार, म्हणजे 16 चौकटींचा. त्यांत टीव्हीच्या पडद्याच्या आकाराच्या चौकटी सारख्या घुसत राहतात. निवेदक, तज्ज्ञ, रस्त्यावरचा माणूस, सगळे आपापलं मत ऐकवत असतात. वाचताना घुसमट होते, आणि ती व्हावी म्हणूनच रचना तशी आहे. मग पान उलटावं तर अख्खं पान व्यापणारं एकच चित्र. ती मोकळीक अंगावर येते, कारण आधीच्या खुराड्यात आपणही अडकून पडलेलो असतो.

दिग्दर्शक जे ओलिव्हाने याचा चित्रपट दोन भागांत केला, पहिला 2012 मध्ये आणि दुसरा 2013 मध्ये. दोन्ही मिळून जवळपास अडीच तास होतात, आणि ही लांबीच त्याला तारून नेते. या मालिकेतले बहुतेक चित्रपट 75 मिनिटांच्या आसपास आटोपतात. सुपरमॅनच्या मृत्यूची प्रचंड लांबलेली कथा 2007 मध्ये तेवढ्या वेळात कोंबली होती. पुढे तीच कथा 2018 आणि 2019 मध्ये दोन चित्रपटांत पुन्हा सांगावी लागली. ओलिव्हाला जागा मिळाली आणि त्याने ती प्रसंगांना दिली. काळही बदलला नाही: शीतयुद्ध, रेगनसारखा दिसणारा राष्ट्राध्यक्ष, डबा टीव्ही, सगळं शाबूत. ही निष्ठा मला फार मोलाची वाटते. कथेला मोबाइलच्या काळात ओढून आणलं असतं तर तिच्यातली अणुयुद्धाची भीती पोकळ झाली असती.

पण टीव्हीच्या त्या चौकटी पडद्यावर आल्या की साध्या बातम्या होतात. पानावर त्या कथेच्या वाटेत आडव्या येतात. चित्रपटात त्या कथा पुढे ढकलतात, म्हणजे नेमकं उलटं काम करतात.

त्याहून मोठा निर्णय म्हणजे बॅटमनचं स्वगत जवळपास पूर्ण काढून टाकणं. कॉमिकमध्ये हाणामारी चालू असताना तो मनातल्या मनात हिशेब मांडत असतो: या अवस्थेत बचावाचे सात मार्ग आहेत, तीन जिवावर बेतणारे, तीन फारसं न दुखवता हत्यार सोडवणारे, आणि एक असा की ज्याने नुसतं दुखतं. तो कोणता निवडतो हे ओळखणं अवघड नाही. पडद्यावर फक्त फटका दिसतो. हा माणूस न्यायासाठी लढतो आहे, की लढल्याशिवाय त्याला जगताच येत नाही म्हणून, हा प्रश्न मूळ कथेत प्रत्येक पानावर आहे. चित्रपटात तो बराच मागे पडतो, कारण आपण त्याच्या डोक्यात शिरतच नाही.

मग बघायचं कशासाठी? चिखलातल्या झुंजीसाठी. टोळीचा म्होरक्या तरुण आहे, दुप्पट ताकदीचा आहे, आणि पहिल्या खेपेला बॅटमनला लोळवतो. दुसऱ्या खेपेला म्हातारा त्याला चिखलात उतरवतो. त्या तरुणाचा वेग चिखलात कसा रुतत जातो, प्रत्येक हालचाल किती महाग पडते, हे हलत्या चित्राने जसं कळतं तसं पानावर कळत नाही. पीटर वेलरचा कोरडा, थकलेला आवाज पहिल्यांदा सपाट वाटतो. अर्ध्या तासाने त्या पात्राला दुसरा आवाज कल्पिता येत नाही. मायकेल इमर्सनचा जोकर जवळजवळ कुजबुजतो आणि म्हणून जास्त घाबरवतो. शेवटच्या भागातली सुपरमॅनशी लढतही पडद्यावर चांगली फुलते.

पहिल्या भागात पहिले दोन अंक आणि दुसऱ्यात उरलेले दोन, अशी सरळ विभागणी आहे. त्याचा फायदा घ्या. दोन अंक वाचा, पहिला भाग बघा, मग पुढचे दोन. भाषेचं मात्र लक्षात ठेवा: या कॉमिकमधल्या टोळीतल्या पोरांची इंग्रजी बोली मिलरने स्वतः घडवलेली आहे आणि ती पहिल्या वाचनात अडते. इंग्रजी वाचायची सवय आहे पण अमेरिकन उच्चार झरझर पकडता येत नाहीत, अशा आपल्यातल्या अनेकांना पानावर थांबून अर्थ लावणं सोपं जातं. चित्रपट उपशीर्षकं लावूनच बघा.

'द किलिंग जोक'बद्दल (1988) मला इतका वेळ लागत नाही: वाचा, चित्रपट सोडा. अ‍ॅलन मूरने लिहिलेलं, ब्रायन बोलँडने काढलेलं पन्नासेक पानांचं पुस्तक. एका बैठकीत संपतं. भूतकाळ आणि वर्तमान एकमेकांत शिरतात ते चित्रांच्या ठेवणीतून: एका चौकटीत माणूस ज्या पद्धतीने उभा आहे, पुढच्या चौकटीत दुसऱ्या काळात तशाच पद्धतीने उभा. हे लक्षात आलं की हात आपोआप मागचं पान उलटतो. सुरुवात आणि शेवट पावसाच्या थेंबांनी डबक्यात उठणाऱ्या वर्तुळांवर होतो. शेवटच्या पानावर दोघं हसतात आणि मग हसणं थांबतं. ते का थांबलं यावर वाचक आजही वाद घालतात. पानाला आवाज नसतो म्हणूनच तो वाद शक्य आहे. चित्रपटाला आवाज द्यावाच लागतो, आणि आवाज दिला की काहीतरी ठरतं.

2016 चा चित्रपट सॅम लिऊचा. मार्क हॅमिल आणि केव्हिन कॉनरॉय हे 1992 च्या टीव्ही मालिकेपासून जोकर आणि बॅटमनचे आवाज, आणि ही कथा त्या दोघांनी करावी ही चाहत्यांची जुनी इच्छा. हॅमिलने ती राखली आहे. जोकरचं गाणं कॉमिकमध्ये नुसते शब्द आहेत, इथे ते ऐकताना अंगावर काटा येतो. पण कथा पूर्ण लांबीच्या चित्रपटाला पुरत नव्हती म्हणून सुरुवातीला सुमारे अर्ध्या तासाची बॅटगर्लची नवी कथा जोडली. हेतू समजतो. मूळ पुस्तकात बार्बरा गॉर्डन, म्हणजेच बॅटगर्ल, येते ती गोळी खाण्यासाठी, आणि तिच्या यातना म्हणजे तिच्या वडिलांना आणि बॅटमनला छळण्याचं साधन होतात. हा पुस्तकाचा खरा दोष आहे, आणि तो दूर करायला कोणी धजत असेल तर मी आनंदाने बघेन. चित्रपटाने तिला दिलं काय? तिच्यावर भाळलेला एक गुंड आणि बॅटमनशी शरीरसंबंध. तिचं धैर्य, तिची बुद्धी, तिचं काम यांतलं काही नाही. दोष होता तिथेच राहिला, उलट वाढला. कॉमिक्समध्ये 1989 पासून जॉन ऑस्ट्रँडर आणि किम येल यांनी याच बार्बराला चाकाच्या खुर्चीतून संगणकाच्या जोरावर काम करणारी 'ओरॅकल' म्हणून उभं केलं. बार्बरासाठी कोणाला वेळ द्यायचा असेल तर तो तिथे द्यावा.

कॉमिक घेताना एक निवड आणखी आहे. मूळ रंग जॉन हिगिन्सचे, भडक, केशरी-जांभळे, जत्रेतल्या दिव्यांसारखे. 2008 च्या आवृत्तीत बोलँडने स्वतः पुन्हा रंग भरले. ते थंड आहेत, आणि जोकरचा भूतकाळ जवळपास रंगहीन. हल्ली बहुधा हीच आवृत्ती मिळते. मला हिगिन्सचे जास्त भावतात, कारण वेड लागलेल्या माणसाचं जग तसंच दिसत असणार.

आता ती कथा, जिथे चित्रपट उघडपणे वरचढ आहे: 'अंडर द रेड हूड' (चित्रपट 2010). हिची पार्श्वभूमी विलक्षण आहे. 1988 मध्ये डीसीने वाचकांना फोन करून ठरवायला सांगितलं होतं की दुसरा रॉबिन, म्हणजे बॅटमनचा पोरसवदा साथीदार जेसन टॉड, जोकरच्या हल्ल्यातून जगावा की मरावा. मरावा म्हणणारे 5,343, जगावा म्हणणारे 5,271. फक्त 72 मतांनी एक पात्र मेलं. लेखक जड विकनिकने 2004 ते 2006 दरम्यान त्याला परत आणलं. मात्र मासिक अंकांत ती कथा इतर कथांच्या धाग्यांत गुंतली, आणि जेसन जिवंत कसा झाला याचं उत्तर मिळालं ते असं की दुसऱ्या विश्वातल्या एका सुपरबॉयने वास्तवाच्या भिंतीवर ठोसे मारले आणि इतिहास बदलला. बापलेकाच्या दुःखाच्या कथेला असा खुलासा झेपत नाही.

चित्रपटाची पटकथा विकनिकनेच लिहिली, आणि इथे त्याने दुसऱ्यांदा मिळालेल्या संधीचं सोनं केलं. सुपरबॉय गेला. त्याच्या जागी बॅटमनचा जुना शत्रू रास अल गूल आला, जेसनच्या मृत्यूत आपला हात होता या अपराधाने पोखरलेला, आणि ती चूक सुधारण्याच्या नादात आणखी मोठी करून बसलेला. आता कथेतला प्रत्येक माणूस त्या एका मृत्यूशी बांधला जातो. जेन्सन अ‍ॅकल्सचा जेसन शेवटी बॅटमनला विचारतो की जोकर अजून जिवंत का आहे, तेव्हा त्या आवाजात संतापाखाली मुलाचं रडणं ऐकू येतं. मी इतक्या अ‍ॅनिमेशनपटांमध्ये इतका खरा प्रसंग क्वचित बघितला आहे. दिग्दर्शक ब्रँडन व्हिएट्टीने हे सगळं 75 मिनिटांत बसवलं. चित्रपट बघा. कॉमिक मग कुतूहल उरलं तर.

'इयर वन' हा अर्धवट उत्तराचा प्रकार. 1987 मध्ये 'बॅटमन' मासिकाच्या 404 ते 407 या चार अंकांत आलेली कथा. लेखन मिलरचं, चित्रं डेव्हिड मॅझुकेलीची, रंग रिचमंड लुईसचे. नाव बॅटमनचं असलं तरी ही जिम गॉर्डनची गोष्ट आहे: भ्रष्ट पोलीस दलात बदलून आलेला, बायको गरोदर, आणि स्वतःचं पाऊलही घसरणारा माणूस. 2011 चा चित्रपट 64 मिनिटांचा आहे आणि इतका जवळून चालतो की काही ठिकाणी चौकट न् चौकट ओळखू येते. कॉमिकमध्ये गॉर्डन आणि ब्रूसची स्वगतं दोन वेगळ्या हस्ताक्षरांत आहेत. चित्रपटात ती आवाजांनी वेगळी होतात, आणि ब्रायन क्रॅन्स्टनचा गॉर्डन फार सुरेख आहे. चित्रात मात्र झीज झाली. अ‍ॅनिमेशनमध्ये सेकंदाला 24 चौकटी (फ्रेम) लागतात. एक चित्र दोन चौकटी टिकवलं तरी सेकंदाला 12 चित्रं. इतक्या वेळा काढायचा चेहरा सोपाच ठेवावा लागतो. मॅझुकेलीच्या कुंचल्याचे जाड, ओबडधोबड काळे डाग, ज्यांत ते शहर मळकट आणि थकलेलं दिसतं, पडद्यावर गुळगुळीत होऊन जातात. कथा पूर्ण मिळते, शहर मिळत नाही. इथे मी आधी चित्रपट बघायला सांगेन: तासाभरात कळतं की हे जग आपल्याला मानवतं का. मानवलं तर पुस्तक घ्या आणि चित्रं सावकाश बघा. या चारांत नवख्याने सुरुवात इथूनच करावी.

घरी मुलं असतील तर एक सांगायलाच हवं. अ‍ॅनिमेशन म्हणजे कार्टून आणि कार्टून म्हणजे मुलांचं, असं धरून हे लावू नका. 'द किलिंग जोक'ला अमेरिकेत आर प्रमाणपत्र (17 वर्षांखालच्यांनी पालकांसोबतच बघायचं) मिळालं, बाकी तिन्हींना पीजी-13 (13 वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांना सावधगिरीची सूचना), आणि 'अंडर द रेड हूड'ची सुरुवातच एका मुलाला लोखंडी कांबीने मारण्याच्या दृश्याने होते. दहा-अकरा वर्षांच्या मुलासोबत बघायचं असेल तर बॅटमन बाजूला ठेवून 'ऑल-स्टार सुपरमॅन' (2011) लावा, त्याला पीजी, म्हणजे त्याहून सौम्य प्रमाणपत्र आहे. ग्रँट मॉरिसन आणि फ्रँक क्वाइटलीच्या 12 अंकांची ड्वेन मॅकडफीने केलेली ही पटकथा; डिस्क बाजारात आली त्याच्या आदल्या दिवशी तो गेला. मरणार हे कळल्यावर सुपरमॅन उरलेले दिवस कसे वापरतो, इतकीच गोष्ट, आणि मुलाला ती कळते. यात गाळलेला एक प्रसंग मुलाला पुस्तकातून नक्की दाखवा: उंच इमारतीच्या कडेवर उभ्या असलेल्या मुलीजवळ सुपरमॅन येतो आणि तिच्याशी बोलतो. तो दहाव्या अंकात आहे.