वाणिज्य दूतावासाच्या नावाने निघालेला दुबईचा व्यापारदौरा : एका बेदाणा व्यापाऱ्याचा अभिप्राय

आमचे घर दोन पिढ्यांपासून तासगावच्या बाजारात बेदाण्याचा व्यापार करते, परंतु आमचा माल परदेशी गेला तो नेहमी मुंबईच्या निर्यातदारांच्या नावाने. स्वतःच्या नावाने निर्यात करावी म्हणून आयात-निर्यात कोड काढला, अपेडा या शेतमालाच्या निर्यातीला चालना देणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेकडे नोंदणी केली आणि एका सल्लागार संस्थेच्या पाच दिवसांच्या दुबई दौऱ्यात मी सहभागी झालो. असे दौरे काढणाऱ्या संस्था अनेक असल्यामुळे तिचे नाव येथे देत नाही.

माहितीपत्रकावर भारतीय वाणिज्य दूतावासाचा उल्लेख सर्वांत ठळक होता आणि भरमसाट शुल्क आम्ही भरले तेही त्याच भरवशावर. दूतावासातील अधिकाऱ्यांची भेट खरोखर झाली आणि संपूर्ण दौऱ्यात तेवढा पाऊण तासच मला मोलाचा वाटला. त्यांनी प्रथम मालाचा एच. एस. कोड, म्हणजे सीमाशुल्कासाठी वापरला जाणारा आंतरराष्ट्रीय वर्गीकरण क्रमांक, विचारला (बेदाण्याचा ०८०६२०), नमुने हातात घेऊन पाहिले आणि भारत-संयुक्त अरब अमिराती व्यापार करार १ मे २०२२ पासून लागू असला तरी त्यातील आयात शुल्काच्या सवलतीसाठी मूळ देशाचे प्रमाणपत्र वेळेत काढावे लागते, हे समजावून सांगितले. आम्ही ओळख करून देऊ, मात्र खरेदीदाराची पत तुम्हीच तपासून घ्या, असेही त्यांनी स्पष्टपणे बजावले.

पत तपासण्याची ही गोष्ट संस्थेने आम्हाला निघण्यापूर्वी सांगायला हवी होती. तिने जमवलेल्या खरेदीदारांत सुक्या मेव्याचा व्यापार करणारे दोघेच होते. बाकीचे मालवाहतूक आणि जागांच्या व्यवहारातले होते. त्या दोघांपैकी एकाने पहिल्याच भेटीत नव्वद दिवसांच्या उधारीवर पूर्ण कंटेनर मागितला आणि अधिकाऱ्यांसोबतचे सामूहिक छायाचित्र दाखवून, आपण दूतावासाच्या ओळखीचे असल्याने काळजीचे कारण नाही, असे सांगितले. माझ्यासोबतचा एक तरुण हळद व्यापारी त्या शब्दावर माल पाठवायला निघाला होता. त्याला मी रात्री बसवून समजावले, याचे मला आजही समाधान आहे. एक कंटेनर बुडाला तर आमच्यासारख्याचा पूर्ण हंगाम जातो आणि शेतकऱ्यांचे पैसे अडकतात ते वेगळेच.

गावी परतल्यावर मी दूतावासाच्या वाणिज्य विभागाला थेट ईमेल केला. मालाची प्रत, पॅकिंग आणि वर्षाला किती टन देता येईल, एवढेच त्यात लिहिले होते. काही दिवसांत सुक्या मेव्याच्या आयातदारांची यादी आली आणि तिच्यासाठी एक रुपयाही मोजावा लागला नाही. त्या यादीतील दुबईच्या देरा भागातल्या एका व्यापाऱ्याने नमुने पसंत केले. निम्मी रक्कम आगाऊ आणि उरलेली बँकेमार्फत कागदपत्रे सोडवताना, या अटीवर छोटी खेप न्हावा शेवाहून रवाना झाली. उधारीचा विचार पुढे केलाच, तर ईसीजीसीचा, म्हणजे निर्यातीचे पैसे बुडाल्यास भरपाई देणाऱ्या सरकारी कंपनीचा, विमा उतरवल्याशिवाय करणार नाही.

पाचपैकी दोन तारे देतो, तेही त्या पाऊण तासाच्या भेटीसाठी. ज्यांना अशा दौऱ्याला जायचेच आहे, त्यांनी शुल्क भरण्याआधी संस्थेकडून दोन गोष्टी लेखी घ्याव्यात : भेटणाऱ्या खरेदीदारांची नावे व त्यांचा व्यापार, आणि दूतावासाने या दौऱ्याबाबत नेमके काय मान्य केले आहे त्याच्या पत्राची प्रत.