तीन फुटी कपाट आणि गोव्याचा पावसाळा: काय घ्यावं, काय सोडावं

फ्लॅटमधलं लहान कपाट म्हणजे साधारण तीन फूट रुंद, दोन फूट खोल, दोन दारं आणि वर लॉफ्ट. अशा कपाटात जास्त कपडे मावावेत म्हणून आज बाजारात चिक्कार वस्तू मिळतात: बारीक मखमली हँगर, जोडदांडी, टांगते कापडी कप्पे, व्हॅक्यूम पिशव्या, ओल शोषणारे डबे. यातल्या बऱ्याच वस्तू कोरड्या हवेचा विचार करून बनवलेल्या असतात. गोव्यात जून ते सप्टेंबर त्यांची परीक्षा होते आणि काही सपशेल नापास होतात. त्यामुळे इथं प्रत्येक वस्तूला एकच कसोटी लावली आहे: जुलैत दार उघडल्यावर कुबट वास येतो का?

सुरुवात मखमली हँगरपासून, कारण कमी पैशात सर्वांत जास्त फरक हाच पाडतो. प्लायच्या बाजू वगळल्या की तीन फुटी कपाटात दांडीला सुमारे ८६० मिलिमीटर मिळतात. जाड प्लॅस्टिकच्या हँगरवर एक शर्ट सुमारे ३५ मिमी जागा खातो, म्हणजे चोवीस शर्ट. पाच-सहा मिमी जाडीच्या मखमली हँगरवर तोच शर्ट २२ मिमीत बसतो, म्हणजे एकोणचाळीस. पण एकोणचाळीस टांगू नका, तीसवर थांबा. वाचलेली बाकीची जागा हवेला द्यायची आहे. कपडे एकमेकांना चिकटले की बुरशी धरते, आणि तीही मधल्या कपड्यांना, जिथं नजर जात नाही. दुसरी गोष्ट, या हँगरवर ओलसर कपडा कधीच टांगू नये. मखमल पाणी धरून ठेवते आणि काळ्या किंवा मरून हँगरचा रंग पांढऱ्या शर्टाच्या खांद्यावर उतरतो. घेताना आकडा मुळाशी नीट बघा, गंज तिथूनच सुरू होतो. लोहचुंबक घट्ट चिकटला तर आत साधं लोखंड आहे आणि वर नुसता मुलामा. समुद्राजवळच्या घरात असा मुलामा फार टिकत नाही.

जोडदांडी, म्हणजे वरच्या दांडीला अडकवायची दुसरी दांडी, ही मनापासून शिफारस करण्याजोगी वस्तू आहे. वरची दांडी जमिनीपासून २००० मिमीवर आणि खालची १००० मिमीवर ठेवली की वर शर्ट-कुर्ते आणि खाली घडी घालून टांगलेल्या पँटी आरामात बसतात. मात्र ती अर्ध्या रुंदीचीच घ्या. उरलेल्या अर्ध्या भागात हँगरवर घडी केलेल्या साड्या आणि लांब ड्रेस येतात, आणि लांब ड्रेसला १४०० ते १५०० मिमी उंची लागतेच. जोडदांडीचा सगळा भार वरच्या दांडीवर येतो: तीस शर्ट आणि पंधरा पँटी म्हटलं तरी वीस किलोच्या आसपास. १९ मिमीची पातळ नळी यात मधोमध वाकते. २५ मिमी व्यासाची, निदान १.२ मिमी जाड पत्र्याची दांडी घ्या आणि दोन्ही टोकांच्या वाट्या आरपार स्क्रूने बसवा. स्प्रिंगच्या जोरावर दोन भिंतींत अडकणारी दांडी सनमाइकावर घसरते. ती पडद्यासाठी ठीक, कपड्यांसाठी नको.

जुन्या घरात भिंतीतल्याच कोनाड्याचं कपाट असेल, तर वाट्या चिऱ्यात, म्हणजे जांभ्या दगडात, बसवाव्या लागतात. चिरा मऊ आणि सच्छिद्र असतो, साधा ३५ मिमीचा प्लग त्यात फिरत राहतो. हॅमर बंद ठेवून नुसतं ड्रिल करा, भोक फुंकून धूळ काढा आणि ६० मिमीहून लांब प्लग वापरा. त्याहून बरं म्हणजे दोन्ही बाजूंना उभ्या लाकडी पट्ट्या चार-चार ठिकाणी बसवून दांडी त्या पट्ट्यांवर घ्यावी.

टांगते कापडी कप्पे मात्र सरळ सोडून द्या. दुकानात सहा कप्प्यांची ती रचना देखणी दिसते, पण प्रत्येक कप्प्याच्या तळाशी पुठ्ठा असतो. पावसाळ्यात पुठ्ठा ओल पितो, मधे झोल येतो आणि मग त्यावरच काळे ठिपके उठतात. घरात आधीच असतील तर पुठ्ठे काढून त्या मापाचे ४ मिमी पीव्हीसी फोम शीटचे तुकडे घाला. ते फुगत नाहीत आणि धुताही येतात. तरी त्यात टॉवेल किंवा आतले कपडे, यापेक्षा जड काही ठेवू नये.

ओल शोषणाऱ्या वस्तूंबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहेत, म्हणून थोडा हिशेब मांडायला हवा. सिलिका जेल आपल्या वजनाच्या २० ते ३० टक्के पाणी घेते. म्हणजे अर्धा किलोची थैली फार तर दीडशे ग्रॅम. वीस किलो सुती कपडे ६५ टक्के आर्द्रतेवरून ९० टक्क्यांवर गेले, तर ते स्वतःच जवळपास एक लिटर पाणी धरतात. रोज दहादा उघडणाऱ्या कपाटात ती थैली काहीच करू शकत नाही. कॅल्शियम क्लोराइडचे डबे कितीतरी जास्त पाणी ओढतात, पण दाराच्या फटीतून बाहेरची हवा येत असेल तर ते अख्खी खोली सुकवत बसतात आणि बघता बघता भरतात. डब्यात साचलेलं पाणी म्हणजे तीव्र खारं द्रावण. ते सांडलं तर चामडं कडक होतं, बिजागऱ्या गंजतात, आणि जरीजवळ तर ते जाताच कामा नये. म्हणून डबा तळाशी, ट्रेमध्येच ठेवावा. कपड्यांच्या मधे टांगायची त्याचीच पिशवी मिळते, ती घेऊ नका. हँगरच्या टोकाने भोक पडलं की सगळं खालच्या कपड्यांवर.

यावर उपाय म्हणजे कपाटाचे दोन भाग वेगळे मानणं. रोजच्या कपड्यांचा भाग हवेशीर ठेवायचा आणि लॉफ्टमधला साठा हवाबंद. हवाबंद साठ्यासाठी रबरी गॅस्केट आणि चारही बाजूंना खटके असलेले पारदर्शक डबे घ्या. सिलिका जेल खरी उपयोगी पडते ती इथंच, वीस-पंचवीस लिटरच्या डब्यात २०० ग्रॅम. नारिंगी दाणे हिरवे झाले की ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन तास तापवले की पुन्हा वापरता येतात.

व्हॅक्यूम पिशव्या रजया, गोधड्या, स्वेटर यांच्यासाठी उत्तम. पैठणी, रेशीम, जरी यांच्यासाठी अजिबात नाही, दाबलेल्या घडीवर जरीची तार तुटते. पिशवी रेषेपर्यंतच भरा. झिपमध्ये एक धागा अडकला तरी दोन दिवसांत हवा परत भरते, म्हणून बंद करण्यापूर्वी झिप कोरड्या फडक्याने पुसा. सगळ्यात महत्त्वाचं, भरायची वेळ जानेवारी-फेब्रुवारी. कडक उन्हात वाळवून, सावलीत थंड करून मगच भरायचं. जूनमध्ये भरलेली पिशवी ओल आतच कोंडते, आणि चतुर्थीला पाहुण्यांसाठी उघडली की वास घरभर.

कपाटात बारीक बल्ब लावून ठेवायची पद्धत अजून आहे. त्यामागचं तत्त्व बरोबर आहे: हवा २८ अंशांवरून ३२ वर नेली तर ९० टक्के आर्द्रता ७२ च्या आसपास येते. पण कपड्यांत उघडा बल्ब म्हणजे आगीला आमंत्रण. त्यापेक्षा रात्री खोलीत एसी ड्राय मोडवर असताना कपाटाची दारं उघडी ठेवा. एसी बंद केल्याबरोबर खिडकी मात्र उघडू नका, बाहेरची दमट हवा गार कपड्यांवर बसते.

एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक आत ठेवावा. तो खरं सांगतो की नाही हे तपासायला बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंबभर पाण्याने ओलसर करा आणि मापकासह झिपच्या पिशवीत आठ-दहा तास बंद ठेवा. आकडा ७५ यायला हवा. जेवढा फरक, तेवढा पुढं धरून चाला. कपाटात आकडा सतत ७० च्या वर राहिला तर बुरशी येणारच.

हे सगळं करूनही पश्चिमेच्या, पावसाचा मारा झेलणाऱ्या भिंतीला कपाट टेकलेलं असेल तर पैसे वाया. मागे निदान ५० मिमी फट ठेवा, पाठीच्या प्लायला वर आणि खाली जाळीची भोकं पाडा. नवीन करून घेताना सुताराकडे आयएस ७१० ची, म्हणजे मरीन, प्लाय मागा आणि कापलेली प्रत्येक कड, मागचीसुद्धा, सील करून घ्या. पार्टिकल बोर्ड कडेने फुगला की बिजागरीचे स्क्रू सुटतात आणि तो दुरुस्त होत नाही. पादत्राणं या कपाटात ठेवू नयेत, पावसाळ्यात चामड्यावर बुरशी सगळ्यांत आधी येते. डांबरगोळ्या घालायच्याच असतील तर सुती पुरचुंडीत, प्लॅस्टिकच्या डब्यापासून दूर. त्या कसरीला रोखतात, बुरशीला नाही.

पैसे मोजकेच असतील तर आधी जाड दांडी, मग हँगर, मग दोन गॅस्केटचे डबे. जोडदांडी नंतर आली तरी चालेल. खरेदी मे महिना उजाडण्यापूर्वी उरका, म्हणजे लॉफ्टचा साठा भरण्याआधी चार दिवस खणखणीत ऊन मिळेल.