रेमिंग्टन बुडाल्यावर हमी कोणाची? एकाच नावाच्या तीन रायफली

पेनसिल्व्हेनियात राहणारा माझा एक मित्र गेले दोन महिने एकाच प्रश्नावर अडून बसलाय. तिथला हरणांचा हंगाम थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी सुरू होतो. त्याआधी त्याला मार्लिन कंपनीची ३३६ ही रायफल घ्यायची आहे, थर्टी-थर्टी काडतुसाची, लिव्हरवाली (चापाखालचा दांडा खालीवर करून काडतूस भरायची). त्याच्या गावच्या दुकानात तीन आहेत. त्याने फोटो पाठवले तेव्हा मी दस्त्याचं लाकूड बघितलं नाही, किंमतही नाही. बॅरल (नळी) जिथे रिसीव्हरला, म्हणजे यंत्रणा असलेल्या मधल्या सांगाड्याला, मिळतं तो भाग मोठा करून बघितला. पहिलीवर लंबगोलात कोरलेली 'जेएम' ही अक्षरं, दुसरीवर 'आरईपी'. तिसरीवर यातलं काहीच नाही, पण तिचा अनुक्रमांक 'आरएम'ने सुरू होतो आणि बॅरलवर मेयोडन, नॉर्थ कॅरोलायना असा पत्ता आहे.

नाव तिन्हींवर एकच, पण बनवणारे तीन वेगळे, आणि त्यातल्या दोघांच्या बाबतीत आज फोन उचलायला कोणी नाही. हमी ही बॅरलवरच्या नावाची नसते. ती देणाऱ्या कंपनीची असते, आणि कंपनी गेली की नाव दुसऱ्याला विकलं जातं, हमी मात्र मागेच राहते. खरेदीच्या वेळी लोक नेमकं हेच विसरतात.

'जेएम' म्हणजे जॉन मार्लिन. या रायफली कनेटिकटमधल्या नॉर्थ हेवनच्या कारखान्यातल्या. २००७ च्या शेवटी रेमिंग्टन या जुन्या अमेरिकी बंदूक कंपनीने मार्लिन विकत घ्यायचं ठरवलं, २०११ मध्ये नॉर्थ हेवनला कुलूप लागलं आणि काम न्यूयॉर्क राज्यातल्या इलियनला गेलं. तिथून बाहेर पडलेल्या त्या 'आरईपी'वाल्या. मग २०२० मध्ये रेमिंग्टनच मोडीत निघाली आणि मार्लिन रुगर या दुसऱ्या बंदूक कंपनीकडे गेली. रुगरने ३३६ पुन्हा बाजारात आणली ती २०२३ मध्ये; तीच ही मेयोडनवाली.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण 'दिवाळखोरी' या एका शब्दाखाली दोन अगदी वेगळे प्रकार येतात. रेमिंग्टनने दोन वर्षांत दोन्ही करून दाखवले.

मार्च २०१८ मध्ये कंपनी पहिल्यांदा 'चॅप्टर ११'खाली, म्हणजे अमेरिकेच्या दिवाळखोरी कायद्यातल्या कर्ज-फेररचनेच्या कलमाखाली, न्यायालयात गेली. धनकोंशी बोलणी आधीच झालेली होती. कर्जाचा मोठा भाग उतरला, मालकी धनकोंकडे गेली आणि मे महिन्यात कंपनी बाहेर पडली. कंपनी तीच, कारखाना तोच, दुरुस्तीचा विभागही चालू. कोल्ट या बंदूक कंपनीचंही असंच झालं होतं. जून २०१५ मध्ये अर्ज, जानेवारी २०१६ मध्ये सुटका, आणि पुढे २०२१ मध्ये चेक प्रजासत्ताकाच्या सीझेड समूहाने अख्खी कंपनी घेतली. अशा दिवाळखोरीची बातमी वाचून घाबरायचं कारण नाही. कंपनीला उद्याही माल विकायचा असतो, म्हणून ग्राहकाची हमी ती सहसा पाळते.

जुलै २०२० चा अर्ज मात्र वेगळ्या जातीचा होता. या वेळी अलाबामातल्या दिवाळखोरी न्यायालयात कंपनीचे तुकडे करून लिलाव झाला. मार्लिन रुगरला गेली, सुमारे तीन कोटी डॉलरना. काडतुसांचा धंदा आणि 'रेमिंग्टन' हे नाव व्हिस्टा आउटडोअर या कंपनीने ८ कोटी १४ लाख डॉलरना घेतलं. इलियनचा कारखाना आणि रेमिंग्टनच्या रायफली-शॉटगन बनवायचा धंदा राउंडहिल ग्रुपकडे गेला, फक्त १ कोटी ३० लाखांना. त्यांनी रेमआर्म्स ही नवी कंपनी काढली आणि नाव वापरायची परवानगी व्हिस्टाकडून घेतली. रेमिंग्टनच्या हातातल्या बाकीच्या बंदूक-नावांपैकी बुशमास्टर फ्रँकलिन आर्मरी या कंपनीकडे गेली, डीपीएमएस आणि एचअँडआर ही नावं तिसऱ्यांकडे. अशा विक्रीत घेणाऱ्याला मशीन मिळतात, नकाशे मिळतात, नाव मिळतं. जुनी देणी मिळत नाहीत. न्यायालय मालमत्ता देताना ती बाजूला काढूनच देतं. तुमच्या कपाटातल्या रायफलीची हमी हेही त्यातलंच एक देणं. बँकांचं तारण आधी फिटतं आणि हमीवाला ग्राहक बिनतारण धनकोंच्या लांबलचक रांगेत शेवटी उभा राहतो.

त्याच वर्षी ऑक्टोबरात इलियनच्या ५८५ कामगारांना काढून टाकलं गेलं. तिथे रेमिंग्टनचा धंदा १८१६ पासूनचा. एकाच घरातल्या दोन-तीन पिढ्यांनी त्या भिंतींच्या आत आयुष्य काढलेलं. 'आरईपी'वाल्या ३३६ चा इजेक्टर (रिकामं काडतूस बाहेर फेकणारा भाग) कुठे अडतो हे ज्यांना हाताला कळायचं, ती माणसं हीच. कारखाना पुढे काही काळ चालला आणि मार्च २०२४ मध्ये बंद झाला; रेमआर्म्स जॉर्जियातल्या लाग्रेंजला गेली. हमी नुसती कागदावर वाचू नये, ती पाळणारी माणसं जागेवर आहेत का तेही बघावं, असं मी म्हणतो ते यासाठी.

आता मित्राच्या तीन रायफलींकडे येऊ.

नवी, मेयोडनची. गंमत म्हणजे तिच्या खोक्यात हमीपत्रच नसतं. रुगर आपल्या बंदुकांवर लेखी हमी देत नाही आणि ते का, हेही स्वतःच छापते. १९७५ चा मॅग्नसन-मॉस कायदा हमी द्यायची सक्ती करत नाही, पण दिली तर ती 'पूर्ण' की 'मर्यादित' हे सांगायला लावतो आणि नियमांचं जाळं मागे लागतं. म्हणून त्यांनी लेखी हमी द्यायचीच नाही असं ठरवलं. तरीही बिघडलेली बंदूक परत घेऊन नीट करून देण्यात रुगरचा लौकिक अमेरिकेत अव्वल मानला जातो. मला हे फार बोलकं वाटतं. जुन्या रेमिंग्टनवाल्यांच्या हातात हमीचा कागद होता पण कंपनी नव्हती; इथे कागद नाही पण कंपनी जागेवर आहे. मी डोळे मिटून दुसरं निवडेन.

'आरईपी'वाली सगळ्यात अवघड. ती तुलनेने नवी दिसते, दुकानदारही 'ही काय, आत्ताचीच' म्हणतो, आणि घेणाऱ्याला वाटतं की मार्लिन आता रुगरची, म्हणजे रुगर बघेल. नाही बघणार. आपल्या हातात येण्याआधी बनलेल्या मार्लिनची दुरुस्ती करत नाही आणि तिचे सुटे भागही ठेवत नाही, असं रुगरने स्पष्ट सांगितलंय. शिवाय इलियनला काम हललं त्या पहिल्या काही वर्षांतल्या रायफलींची जुळणी खराब म्हणून लोक त्यांना 'रेमलिन' म्हणायचे. नंतरच्या बऱ्याच सुधारल्या, पण काउंटरवर उभं राहून कुठली कुठल्या सालची ते ओळखणं सोपं नाही.

'जेएम'वाली जुनी आहे, हमी तिलाही नाही. पण तिच्याकडून कोणी हमीची अपेक्षा करत नाही आणि किंमत त्या हिशोबानेच ठरते. ३३६ हे मॉडेल १९४८ पासून बनतंय. जुने भाग बाजारात फिरतात आणि गावोगावच्या गनस्मिथना (बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिरांना) ही रायफल पाठ असते. हाताशी चांगला गनस्मिथ असेल तर तीच तुमची हमी.

मार्लिनच्या बाबतीत प्रश्न पैशाचा आणि गैरसोयीचा. रेमिंग्टन मॉडेल ७०० च्या बाबतीत तो जिवाचा होतो, म्हणून तिच्यावर दोन शब्द जास्त. चाप न ओढता गोळी सुटल्याच्या तक्रारींवरून तिच्या ट्रिगरबद्दल वर्षानुवर्षं खटले चालले. १ मे २००६ ते ९ एप्रिल २०१४ या काळात बनलेल्या एक्स-मार्क प्रो ट्रिगरच्या रायफली कंपनीने २०१४ मध्ये स्वतःच परत बोलावल्या. जुन्या ट्रिगरचा सामूहिक दावा तडजोडीत मिटला. त्याच्या कक्षेत सुमारे ७५ लाख बंदुका होत्या आणि बहुतेकांना ट्रिगर फुकट बदलून मिळणार होता. अर्ज करायची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली आणि तीन महिन्यांनी ती कंपनीच न्यायालयात गेली. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाला बंदुकांवर अधिकारच नाही, त्यामुळे सरकार कोणाला तरी ती परत घ्यायला लावेल ही आशाही धरू नका. जुनी ७०० घ्यायची असेल तर आधीच्या मालकाने ट्रिगर बदलल्याचा पुरावा मागा. नसेल, तर नव्या ट्रिगरचे आणि गनस्मिथच्या मजुरीचे पैसे किमतीतून वजा करून बोला, आणि ते काम होईपर्यंत त्या रायफलीत काडतूस घालू नका. रेमआर्म्सची नवी ७०० घेत असाल तर तिच्यामागे रेमआर्म्स आहे, तिचं वेगळं हमीपत्र वाचा.

दुकानदाराची जबाबदारीही लोक विसरतात. तो व्यापारी म्हणून माल विकतो, तेव्हा माल निदान वापरण्याजोगा असल्याची हमी बहुतेक राज्यांत कायद्यानेच त्याच्या गळ्यात असते, वापरलेल्या मालालाही. फक्त पावतीवर 'ॲज इज' (आहे तसा माल) असा शिक्का पडला की ती सहसा उडते. म्हणून पैसे मोजण्याआधी पावती वाचा.

आणि एच-वन-बीवर असलेल्या आपल्या मंडळींसाठी: तात्पुरत्या व्हिसावर असताना बंदूक बाळगायला संघराज्य कायद्याने मुळात बंदी आहे. शिकारीचा चालू परवाना हा त्याला असलेल्या मोजक्या अपवादांपैकी एक. हे आधी वकिलाकडून नक्की करून घ्या, रायफल कुठली ते नंतर. माझ्या मित्राकडे ग्रीन कार्ड आहे, त्याला ही अडचण नाही.

त्याला मी सांगितलंय की या हंगामात एकच रायफल घेऊन जंगलात जायचं असेल तर मेयोडनची घे. लाकडाच्या आणि जुन्या कामाच्या प्रेमात असशील तर 'जेएम' घे आणि गनस्मिथला पहिल्याच आठवड्यात दाखव. मधली, 'आरईपी'वाली घ्यायचीच झाली, तर आधी दुकानदाराकडून लिहून घे की तीस दिवसांत काडतूस अडकलं तर तो रायफल परत घेईल. परवा त्याने विचारलं. दुकानदार म्हणाला, या रायफलीवर असं लिहून देता येणार नाही.