घडीचं सोलर छत: रत्नागिरीतल्या लॉजवर एक उन्हाळा, एक पावसाळा

आमच्या लॉजच्या गच्चीवर संध्याकाळी जेवणाची टेबलं लागतात, साखरपुडे-बारशी होतात. गच्चीच्या फरशीलगत पॅनल बसवले तर गच्ची जाते. आठ-दहा फूट उंच स्ट्रक्चर कायमचं उभं केलं तर वादळात ते शिडासारखं वारा धरतं, आणि २०२१ चं तौक्ते पाहिलेल्या माणसाला ती जोखीम समजावून सांगावी लागत नाही. म्हणून रुळांवर सरकत एका टोकाला घडी होणारं, मोटरवर चालणारं १० किलोवॅटचं छत घेतलं.

आधी विजेचं. स्वच्छ उन्हात दिवसाला ४० युनिटांच्या आसपास मिळतात. घडीच्या रचनेमुळे पॅनल जवळजवळ आडवे राहतात. मे महिन्यात सूर्य इथे बरोबर डोक्यावर येतो, तेव्हा हे सोयीचं. डिसेंबरात ऊन तिरपं पडतं, तेव्हा नुकसान. मेमध्येही ऊन भरपूर म्हणून वीज त्याच प्रमाणात, असं होत नाही. पॅनलची क्षमता २५ अंशांवर मोजलेली असते आणि पुढच्या प्रत्येक अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के उत्पादन घटतं. दुपारी पॅनल ६० अंशांपर्यंत तापतात, मग हिशोब तुम्हीच करा. जुलैत उत्पादन निम्म्यावर आलं. पण छताची सावली स्लॅबवर पडते, त्यामुळे वरच्या मजल्यावरच्या खोल्या कमी तापतात आणि एसीला कमी राबावं लागतं. हा फायदा मला विजेइतकाच मोलाचा वाटतो.

पावसात छत मिटवून ठेवायची गरज नाही, उलट पसरलेलंच ठेवा. काच धुऊन निघते. मिटवायचं ते वाऱ्यासाठी. खरी परीक्षा वळवाच्या पावसात होते. आभाळ भरून येतं आणि बघता बघता सोसाटा सुटतो. वारा मोजणारा सेन्सर छत आपोआप मिटवतो, ते काम चोख आहे. पण वारा सुटला की आधी लाइट जाते! ऑनग्रिड, म्हणजे बाहेरच्या वीजलाइनला जोडलेला सोलरचा इन्व्हर्टरही लाइट गेल्यावर बंद पडतो, कारण बंद लाइनवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवाचा प्रश्न असतो. म्हणजे डोक्यावर एवढे पॅनल असूनही मोटरला वीज नाही. आम्ही मोटरला वेगळी बॅटरी लावून घेतली, हाताने फिरवायचं हँडलही आहे. ही बॅटरी आमच्या पुरवठादाराच्या मूळ कोटेशनमध्ये नव्हती, आणि कोकणात तिच्याशिवाय हे छत घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरा शत्रू खारी हवा. फ्रेम ॲल्युमिनियमची, रूळ गॅल्व्हनाइज्ड, नटबोल्ट मात्र साधे. पावसाळा संपायच्या आत ते गंजले आणि चाकं अडकायला लागली. सगळे बदलून खाऱ्या हवेत टिकणारे ३१६ ग्रेडचे स्टेनलेस लावले, ॲल्युमिनियमला टेकतात तिथे नायलॉनचे वॉशर घातले. रूळ गोड्या पाण्याने धुऊन ग्रीस लावणं हे आता कायमचं काम आहे. मिटवण्याआधी काचेवर वाळू किंवा कावळ्यांनी टाकलेलं हाडूक राहिलेलं नाही, हे पाहावं लागतं. केबल रोज वाकतात. त्या साखळीसारख्या गाइडमधून नेलेल्या असाव्यात, नुसत्या लोंबत्या नकोत.

खर्च साध्या सोलरपेक्षा बराच जास्त आहे. केंद्र सरकारच्या सूर्यघर योजनेचं सोलरसाठीचं अनुदान घरगुती ग्राहकांसाठी आहे, आपल्याला नाही. व्यवसायाला आयकरात ४० टक्के घसाऱ्याची सवलत मिळते, सीएला विचारून घ्या. गच्ची रिकामी पडून असेल तर सरळ साधे पॅनल बसवा. गच्चीवर धंदा होत असेल तर हे छत घेण्यासारखं आहे. पाहुण्यांना उघड्या आभाळाखाली बसवता येतं ते मला फार मोलाचं आहे.

कोटेशन घेताना चार गोष्टी लेखी मागा: छत किती वेगाच्या वाऱ्यात पसरलेलं राहू शकतं, मिटलेलं असताना किती वेग सोसतं, पॅनलची आयईसी ६१७०१ ही खाऱ्या हवेची चाचणी झाली आहे का, आणि मोटर व रुळांची वॉरंटी किती वर्षं. पॅनलची २५ वर्षांची वॉरंटी पुढे करून मोटरचा विषय टाळला जातो. तो टाळू देऊ नका. हे लेखी आल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नका.